न चाखलेली उसळ

अण्णा, तुमच्यावरचा राग अजून गेलेला नाही, म्हणून लिहायला बसलो. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, मीही म्हातारा झालो, तरी उसळीला फोडणी बसली की तुम्ही आठवता आणि आधी चीडच येते.

पिंपरीच्या कंपनीत कॅन्टीनचे मुख्य आचारी तुम्ही, आणि तुमच्या हाताखाली मी सात वर्षं. तुम्ही मावळातले, जन्मभर जत्रेचा नि लग्नाचा स्वयंपाक केलेले. नैवेद्याआधी चाखायचं नाही हा नेम तुम्ही कारखान्यातही आणलात. तिथे कसला आलाय नैवेद्य! एकदा मी पळीतली आमटी तळहातावर घेतली, तर तुम्ही साऱ्यांसमोर माझा हात झटकलात. "ज्येवणाऱ्याच्या आदी तू ज्येवणार व्हय? त्यानं तुजं उष्टं खायाचं?" मग मी वासावर आणि मुठीच्या मापावर शिकलो. वीस माणसांना मीठ एक मूठ. खोटं कशाला बोलू, शिकलो ते पक्कं शिकलो.

पण जन्मभर तीच उसळ नि तीच आमटी मला नको होती. मला हमरस्त्यावरच्या हॉटेलात जायचं होतं, जिथे गिऱ्हाईक पदार्थाचं नाव घेऊन मागतं आणि आवडलं तर आचाऱ्याला बाहेर बोलावतं. चिंचवडच्या एका हॉटेलात मालकाने परीक्षा म्हणून वीस माणसांची मटकीची उसळ करायला सांगितली. रंग असा आला की तिथले आचारी डोकावून गेले. मी मिठाच्या बरणीत हात घातला, मूठ भरली, टाकली. चाखली नाही. मालकाने एक घास घेतला आणि ताट सरकवलं. "समुद्र ढवळून आणलास का रे?"

दुसऱ्या दिवशी कॅन्टीनमध्ये तुम्ही भात उपसत होता. मी सगळं सांगितलं. तुम्ही वर न बघता एवढंच विचारलंत, "मीठ कंचं हुतं? खडं का बारीक?" तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. बारीक होतं. आपल्या खडेमिठाच्या मुठीपेक्षा बारीक मिठाची मूठ कितीतरी खारट. एकदा, फक्त एकदा जिभेला लावलं असतं तर! "तुमच्या नेमाने माझं वाटोळं केलं," मी ओरडलो. तुम्ही भात उपसतच राहिलात. मी आठ दिवस तुमच्याशी बोललो नाही, आणि तुम्हाला त्याचं काही वाटल्याचंही दिसलं नाही. कसला हा हट्ट, अण्णा?

सहा महिन्यांनी आकुर्डीच्या हॉटेलात पुन्हा उसळच करायला सांगितली. मी बिचकत अर्धी मूठ टाकली. तेवढ्यात मालक स्वतः चमचा घेऊन आले. "आधी चाख, मग वाढ." मला नवल वाटलं, पण चाखलं. मीठ किंचित कमी होतं, ते घातलं. नोकरी लागली. मालकांनी विचारलं, "कुणाकडे शिकलास?" सहा महिन्यांचा राग तोंडाशी आला. म्हटलं, "कुणाकडे नाही. बघून बघून." "कुणाकडेच नाही?" त्यांनी पुन्हा विचारलं. तुम्हाला पेढे द्यायला आलो, तर तुम्ही पेढा खाल्लात, हात पुसलात आणि कांदे चिरायला बसलात.

तुम्ही गेल्यावर मालकांनी सांगितलं. माझ्या परीक्षेआधी दोन दिवस तुम्ही शिफ्ट सोडून आकुर्डीला गेला होतात. "पोरगं गुणी हाय. पन चाखायची बंदी म्या घातलीया, त्ये काय मोडायचं न्हाई. तुमीच त्याला चाखायला लावा."

त्यांना सांगितलंत, मग मला का नाही? सात वर्षं एका चुलीवर उभे होतो आपण. "चाख बाबा" एवढे दोन शब्द तुमच्या तोंडून निघाले असते, तर काय बिघडलं असतं? मी त्या दिवशी तुमचं नाव तरी घेतलं असतं.

हे पत्र कुठे टाकणार? राहील मसाल्याच्या डब्यामागे. मालक अजून आहेत, दर दिवाळीला त्यांच्याकडे जातो. माझं ते "कुणाकडे नाही" त्यांनी तुमच्या कानावर घातलं होतं का, एवढं विचारायचं ठरवून जातो. आणि फराळ खाऊन परत येतो.