लोणच्यामागची लायलॅकची डबी

सनाचे अब्बा,

आजही डबल ड्यूटी आहे. पाय भरून आलेत, पण निघते. माशाचं कालवण शेगडीवर आहे, गरम करून घ्या.

फ्रिजमध्ये लोणच्यामागे डबी आहे, ती टाकू नका. सनाने कॅनडाहून पाठवलेल्या लायलॅकच्या बिया आहेत. थंडीत ठेवल्याशिवाय त्या उगवत नाहीत, आणि आखातातल्या या रिग्गईत फ्रिजशिवाय थंडी कुठली? उगवल्या तर गॅलरीतल्या कुंडीत लावीन. फुलांना फार छान वास येतो म्हणते.

तिच्या निकाहापासून तुम्ही तिचं नाव घेत नाही. समजावून मी थकले. पण आठवडाभर मी पाणी शिंपडायला विसरले, तरी बियांखालचा टिशू ओलाच आहे. मी काही विचारत नाही. तसाच ओला ठेवत जा.

फखरुन्निसा