मोरीपलीकडचं घर

१३ जानेवारी २०२५, किचनर, कॅनडा

सिवनेसनच्या आईचं गाव तेच निघालं!

तो कामावरचा, श्रीलंकेतला तमिळ. लंच ब्रेकमध्ये त्याच्याशी सहज बोललो — माझा मोठा भाऊ वाल्मिक शांतिसेनेतून श्रीलंकेत गेला होता, अठ्ठ्याऐंशी साली तिकडेच मारला गेला. कुठे, म्हणाला. मी गावाचं नाव सांगितलं. त्याने डबा बंदच केला.

"उल्हास, ब्रदर... रस्त्याखालच्या मोरीत सुरुंग होता. जीप उडाली, मग शेतातून गोळ्या. तेच ना? अम्माचं घर मोरीच्या पलीकडे."

इतकी वर्षं आम्ही एकाच गाडीतून कामाला जातो! येताना गाडीत नुसते वायपर.

१४ जानेवारी

घरी नंदा म्हणते, "उकरू नका. आहे तो एक मित्रही जाईल."

पण तिकडे गावी माय अंथरुणाला खिळली आहे. डॉक्टर म्हणतात, आता फार दिवस नाहीत. पुतण्या फोन तिच्या तोंडाशी धरतो आणि ती एकच विचारते — "वालूले शेवटी कोनी पानी पाजलं काय रे बाबू?" लष्कराच्या तारेत वीरमरण होतं. पाण्याचं काही नव्हतं.

विचारणार.

१५ जानेवारी

सिवनेसन भडकला. "पीसकीपिंग! तुमच्या पीसकीपिंगने आमच्या कोंबड्यासुद्धा सोडल्या नाहीत. आणि तू संडेला सिंहलींच्या बुद्धविहारात जाऊन बसतोस!"

म्हणालो, इथे नागपूरकरांचं विहार काढ, तिथे जाईन. त्याला हसायचं नव्हतं, तरी हसला. मग म्हणाला, "शनिवारी ये. बोलेल की नाही, ठाऊक नाही."

१८ जानेवारी

गेलो. रासम्मा त्याच्या आईचं नाव. ऐंशीच्या पुढची, शालीत गुंडाळलेली. भिंतीवर नवऱ्याचा फोटो, ताजं फूल. "अप्पा," सिवनेसन म्हणाला. "त्याच आठवड्यात गेले. तुमच्या आर्मीने मारलं." आवाज न चढवता म्हणाला. मी फोटोला हात जोडले. दुसरं काय करणार?

ती तमिळमध्ये सांगत होती, तो इंग्रजीत. स्फोट झाला, आम्ही दारं लावून बसलो. कोणी बाहेर गेलं नाही. कोणी काही पाहिलं नाही. पुन्हा विचारलं — पुन्हा तेच, शब्दाला शब्द.

निघालो. बूट घालत होतो तेव्हा तिनेच विचारलं — तुमच्या भाषेत 'वा' म्हणजे काय? तमिळमध्ये 'वा' म्हणजे 'ये'. मी म्हटलं, आमच्यात 'वा' म्हणजे छान. तिने मान हलवली. मग डोळे मिटून, अडखळत —

"पानी दे वा... माय."

वा नाही, वं! पानी दे वं माय! आमच्या वऱ्हाडात बाईमाणसाला असंच म्हणतात. त्या जीपमध्ये वऱ्हाडातला तो एकटाच होता.

म्हणजे हिने त्याला ऐकलं. किती जवळून? ती पुढे बोलली नाही. सिवनेसन तिच्याकडे बघत होता. माझ्याकडे नाही.

१९ जानेवारी

मायला सांगितलं, एक बाई जवळपास होती. "मंग पाजलं काय तिनं?"

हो म्हटलं असतं तर काय बिघडलं असतं? पण सकाळीच पंचशील म्हटलं होतं. खोटं बोलणार नाही, हे त्याच तोंडाने. गप्प राहिलो. तिचा श्वास तेवढा ऐकू येत होता.

२१ जानेवारी

सिवनेसनचा फोन. आज कामावर येत नाही म्हणाला. अम्माने सगळं सांगितलं. 'वा' ऐकलं — तिला वाटलं, आपल्याच भाषेत बोलावतोय. तांब्या घेऊन गेली. पाजलं. सुरुंग लावणाऱ्या बंदूकवाल्या पोरांना कळलं. ती पोरं दारात आली, शत्रूला पाणी कोणी दिलं म्हणून. अप्पा पुढे झाले — "मी." चौकातल्या खांबाला बांधून गोळी घातली. आर्मीने नाही. त्यांच्याच पोरांनी.

"तुझ्या आईला सांग," तो म्हणाला, "पाजलं." आणि फोन ठेवला.