शेवटच्या कमानीखाली

छत्रपती संभाजीनगर,
रविवार, दुपार

प्रिय रूपा,

फोन तू उचलत नाहीस, म्हणून हे पत्र. सम्यकला विचारलं की तो म्हणतो, "आई बरी आहे, मावशी. तुम्ही काळजी करू नका." तुझा मुलगा इतका शहाण्यासारखा बोलतो, की पुढं काही विचारताच येत नाही. आज जरा निवांत वेळ मिळाला, म्हणून कागद काढला. बातमी चांगली आहे. आपला तबेला, आपलं नाटकघर, पुन्हा उघडतोय. जानेवारीत पहिला प्रयोग. आणि त्या नाटकातली आजी मी अजून कुणालाच दिलेली नाही. श्रेया, आपली नवी दिग्दर्शिका, रोज विचारते, "मॅडम, आता तरी नाव सांगा ना!" मी रोज तिला उद्यावर ढकलते.

तू नाशिकला गेलीस तेव्हा दाराला महापालिकेचं कुलूप होतं आणि मधल्या कमानीला हात जाईल एवढा तडा. चूक आपलीच होती गं. निजामाच्या फौजेचे घोडे जिथं उभे राहायचे, त्या दगडी भिंतींवर आपणच एका वर्षी हौसेनं सिमेंट चढवलं. किती मिरवलो होतो तेव्हा! ओल आत कोंडली, भिंती फुगल्या आणि आवाज तर विहिरीत बोलल्यासारखा घुमायला लागला. आता ते सगळं सिमेंट आम्ही खरवडून काढलं. दर रविवारी, छिन्नी-हातोडी घेऊन, नाकाला रुमाल बांधून. त्या जागी पुन्हा चुना लावला, गूळ आणि बेलफळ घालून मळलेला. महिनाभर सगळ्या तबेल्याला मिठाईच्या दुकानासारखा वास होता आणि मुंग्यांचा मुक्काम. आपला दिवेवाला संघपाल वाळूजच्या कारखान्यातली पाळी संपवून बसमधून उतरला की थेट इकडंच यायचा. मी म्हटलं, अरे, जरा घरी जाऊन झोप. तर म्हणाला, "ताई, कंपनीत पगार मिळतो म्हणून कंटाळा येतो. इथं फुकट आहे, इथं कशाचा कंटाळा?" त्याच्या दिव्यांच्या तारा अजून तशाच लोंबतात, पण त्याचं पोट आता तारांच्या पुढं आलंय. त्याचा तुला जय भीम.

दगडी गव्हाणी मात्र जशाच्या तशा आहेत. घोड्यांच्या चंदीच्या जागी आपण पावडरचे डबे ठेवायचो आणि गावातली पोरं बाहेरून ओरडायची, "घोड्या नटल्या का?" तुझ्या गव्हाणीच्या खाचेत एक काजळाची डबी सापडली. झाकण गंजून बसलंय, उघडत नाही. मी ती पुसून परत तिथंच ठेवली.

परवा तिथं बसले आणि आपला पहिला रविवार आठवला. नवीन माणसानं रंगमंचावर उभं राहून साध्या आवाजात आपलं नाव सांगायचं. आपले दिग्दर्शक अप्पाराव पार शेवटच्या कमानीखाली उभे. त्यांना नीट ऐकू आलं तर ते हात वर करणार, नाही आलं तर नाही. बाकी परीक्षा नाही, ओळख नाही, वशिला नाही. मी तर कॉन्व्हेंटात सिस्टर फिलोमिनांच्या हातून वक्तृत्वाचं पदक घेतलेली! हनुवटी वर, हात मागे, एकेक अक्षर सुटं करून मी माझं नाव सांगितलं. अप्पाराव ढिम्म. तू माझ्या मागं रांगेत होतीस. आपली ओळखही नव्हती आणि तू पदर तोंडाला लावून हसत होतीस. तुझी पाळी आली. तू नुसतं "रूपा" म्हणालीस आणि आडनाव सांगायच्या आत त्यांचा हात वर. बाहेर उभा असलेला रिक्षावाला चाचा दारातून डोकावून म्हणाला, "कौन पुकारा?"

माझ्यासाठी अप्पारावांचा हात काही रविवार खालीच राहिला. शेवटी तूच मला गव्हाणीपाशी धरलंस. "मॅडम, बक्षीस घ्यायला चाललीस का? गच्चीवरून शेजारणीला हाक मारतीस ना, तसं बोल. लई सोपं हाय." पुढं मला सुनेचं काम मिळालं, तर तालमीत सगळ्यांसमोर म्हणालीस, "तुझी सून सासूशी भांडतीय का सासूला अर्ज देतीय?" मी दोन दिवस तुझ्याशी बोलले नाही. तिसऱ्या दिवशी असं भांडले, की तू पुढचं वाक्य विसरलीस. माझं इस्त्री केलेलं मराठी तू चुरगाळून दिलंस, रूपा. नंतर तीस वर्षं मी त्याच मराठीत शाळेत शिकवलं, मुलांवर ओरडले, आईशी शेवटचं बोलले.

अप्पाराव गेल्यापासून शेवटच्या कमानीखाली मी उभी राहते. आणि आता जे झालं ते तुला सांगायचंच आहे. गेल्या महिन्यात चुना पुरता वाळला, त्या दिवशी मी तिथं झाडत होते. संघपाल पार रंगमंचावर शिडीशी वाकून स्वतःशीच काहीतरी पुटपुटत होता. मी सहज म्हटलं, "नाही रे बाबा, आज पायऱ्या झाडायला नाही सांगत तुला." तो शिडी धरून तसाच उभा! म्हणाला, "ताई, मी तर मनात बोललो." मनात नव्हता बोलला. ओठांत बोलला होता. "ही बाई आता पायऱ्या झाडायला लावणार," हे मला शब्दन् शब्द ऐकू आलं होतं. मग आम्ही दोघांनी लहान पोरांसारखा खेळच मांडला. तो तिकडून कुजबुजायचा, मी इकडून उत्तर द्यायचे. श्रेया आली, तिला आम्ही वेडे झालोय असं वाटलं. मग तीही खेळायला लागली.

त्या नाटकाचा शेवट असा आहे. आजी झोपलेल्या नातीच्या कानात आयुष्यभर कुणालाच न सांगितलेली एक गोष्ट सांगते. तेवढंच. त्यावर पडदा. श्रेयाचं म्हणणं, आजीच्या पदराला बारका माईक लावू. मी म्हटलं, तबेल्यात आजवर माईक लागला नाही. ती म्हणाली, "मग मॅडम, नातीच्या कानातलं लोकांना कसं ऐकू जाणार? आजीनं ओरडायचं का?" त्या वेळी मी विषय बदलला. त्याचं उत्तर आता माझ्याकडं आहे.

रूपा, सम्यकनं मला सगळं सांगितलंय. त्याच्यावर रागावू नकोस, शेवटी मीच खोदून विचारलं. घशाच्या ऑपरेशननंतर डॉक्टर म्हणाले, इतकाच आवाज राहील, ओठांपुरता. म्हणून तू फोन उचलत नाहीस. ज्या आवाजानं रिक्षा थांबायची, तो मला असा ऐकवायचा नाही तुला. मी तुझी समजूत घालणार नाही. तुला ती आवडत नाही. पण पुढच्या रविवारी तू ये. सम्यक तुला घेऊन येतो म्हणालाय. रंगमंचावर उभी राहा आणि जेवढा आहे तेवढ्या आवाजात आपलं नाव सांग. मोकळ्या तबेल्यात ऐकू येतं, भरलेल्या तबेल्यात काय होईल ते मलाही माहीत नाही. म्हणून गल्लीतल्या सगळ्यांना बोलावून बसवणार आहे, पोराबाळांसकट. मी शेवटच्या कमानीखाली असेन. ऐकू आलं नाही तर माझा हात खालीच राहील. तुझ्यासाठी मी खोटा हात वर केला, तर तू मला जन्मभर माफ करणार नाहीस. पण रूपा, संघपालचं पुटपुटणं ज्या भिंतींनी माझ्यापर्यंत आणलं, त्या तुला ओळखतात. आडनाव सांगायची घाई करू नकोस.

तुझ्या नावाकडं कान लावून,
तुझीच
तनुजा