पिवळ्या फ्रॉकभोवती लाल गोल

३ फेब्रुवारी, भिलाई
आली बाबा एकदाची. पावर हाउस स्टेशनच्या ऑटोवाल्यानं सगळं सामान एकाच फेरीत कोंबलं, मी पाय बाहेर काढून बसली. घरमालक श्यामराव रेल्वेतून रिटायर, आपल्याच नागपूरकडचे. वरची खोली उघडायच्या आधी चहा पाजला. उद्यापासून नोकरी, मोबाइलवरच्या बातम्यांच्या चॅनलात आवाज द्यायचा. आई म्हणते, भाग्यश्री, तुही बडबड शेवटी कामी आली.

४ फेब्रुवारी
सकाळी जुन्या कपड्यांवर भांडी देणारी आली, वच्छलाबाई. मराठी ऐकून दोघीही खुश. बशा गुंडाळायले ताईच्या पोरीचे जुने कपडे आणले होते. त्यातला पिवळा फ्रॉक, खिशावर मीच शिवलेलं हिरवं बदक, तो अन् दोन साड्या देऊन स्टीलचा डबा घेतला. घासाघीस मीच सुरू केली अन् मीच हरली. जाताना तिनं फ्रॉक गाठोड्याच्या वर खोचला. वर चांगला कपडा दिसला की बाया दार उघडतात म्हणे.

९ फेब्रुवारी
इथून जवळच्या जामुलची पाच वर्षांची रोशनी कालपासून सापडून नाही राहिली. आमचे संपादक धर्मेंद्रभैया एका दुकानाच्या कॅमेऱ्यातली क्लिप घेऊन आले. एक बाई, डोक्यावर गाठोडं, वरून लोंबणारा लहान फ्रॉक. तिच्याभोवती लाल गोल काढ म्हणाले. गोल काढताना बदक दिसलं. मी सांगणारच होती, पण भैया म्हणाले की तुझ्या आवाजात आग आहे, आजची बातमी तूच वाच. मी वाचली. “इसे पहचानिए. बच्ची कहीं इसी गठरी में तो नहीं?” संध्याकाळपर्यंत दोन लाख लोकांनी पाहिलं. मले लाज वाटायले पाहिजे होती. मले आनंद झाला.

१० फेब्रुवारी
रोशनी नंदिनी नगरले मावशीकडे सापडली. घरच्या भांडणात मावशी न सांगता घेऊन गेली होती. पोरगी मजेत आहे.
वच्छलाबाईले काल बाजारात लोकांनी घेरून मारलं. सकाळी दवाखान्यात जीव गेला बिचारीचा. श्यामरावांनी सांगतलं, मारणाऱ्यांच्या मोबाइलमधून माहाच आवाज येऊन राहिला होता.
भैयाले फ्रॉकचं सांगतलं. ते म्हणाले, आता बोलून कोणाचं भलं होणार? मले पटलं. देवा, मले पटलं.

१३ फेब्रुवारी
अकरा वाजता दारात हाक. जुने कपडे. तोच घसा. बाहेर कोणी नाही. उंबरठ्यावर पिवळा फ्रॉक, बदकासकट, नीट घडी केलेला. कचरागाडीत टाकून आली.

१४ फेब्रुवारी
पुन्हा अकरा वाजता. पुन्हा फ्रॉक. तिनं कपडा परत केला, म्हणजे भांडंही परत मागून राहिली असन. डबा उंबरठ्यावर ठेवला. तिनं नेला नाही. झाकण उघडलं तर आतून माहाच आवाज — इसे पहचानिए — घसा बसलाय माहा, सकाळपासून.

१६ फेब्रुवारी
अजून एक पोरगी हरवली म्हणे. ठरवलं, फ्रॉक घेऊन पोलीस ठाण्यात जायचं, सगळं सांगायचं. फाटकातच समोरच्या बाईनं माह्यावर मोबाइल धरला. पळत वर आली. दहा मिनिटांत क्लिप — मी, हातात लहान फ्रॉक, भोवती लाल गोल. अन् आवाज — माहाच.

दुपार
खाली लोक. श्यामराव समजावून राहिले, कोणी ऐकत नाही. खिडकीतून सांगायले तोंड उघडलं — काहीच निघालं नाही. डबा बोलून राहिला. माह्या आवाजात. जोरात.
म्हणून लिहून ठेवते —
फ्रॉक आमच्या घरचा. तिले मीच दिला.
जिन्यावर पाय —
वच्छलाबाईनं काही केलं नव्हतं. मी ओळखलं होतं. मी ओळखून बी —