झाकणाचा दगड

नव्या राजाचं पहिलं वर्ष, आठव्या महिन्याची नववी

सोबीताईस मुदलचा नमस्कार.

मी बरा आहे. यंदा राळं चांगलं आलं. मिठाच्या नावेवरचा हानसो हे तुला वाचून दाखवील. तो आपला माणूस आहे.

थोरल्या राजाच्या थडग्याचं काम संपलं. वरची मातीची टेकडी तुमच्या काठावरूनही दिसत असेल. राजाला मेल्यावर तिकडेही इथल्यासारखंच राहायचं, म्हणून स्वयंपाकी, मोतद्दार, दासी अशी तीस माणसं सोबत दिली. तुझी थोरली आरो त्यांत होती, हे वाड्यावरून तुला कळवलंच असेल. ती हसत गेली, असंही सांगितलं असेल. औषध पिऊन झोपेत गेली, असं मीही लिहिणार होतो.

ताई, ते खरं नाही.

औषध ती शिपायाच्या तोंडावर थुंकली. खड्ड्याचा काठ धरून वर येऊ लागली, तेव्हा त्याने कुऱ्हाडीचा दांडा तिच्या बोटांवर घातला. हाडं मोडल्याचं मी ऐकलं. मी तिथेच होतो, झाकणाचा दगड धरून. तिने मला पाहिलं.

"मामा, मला नाही जायचं. तिकडेही मी त्यांची भांडीच घासायची का?"

शिपायाने मला विचारलं, "तुझी कोण ही?"

"कोणी नाही," मी म्हणालो.

मग त्याने दांडा तिच्या डोक्यात घातला. दुसऱ्या घावाला ती पडली. दगडी पेटीत ठेवली तेव्हा छाती हलत होती. झाकण आम्ही चौघांनी लावलं, पण पुढचा हात माझा होता. माती पडेपर्यंत आतून ठोकल्याचा आवाज येत होता. पुरोहित म्हणाला, वाट उघडते आहे.

आता राजमाता अंथरुणाला खिळली आहे. कालपासून तिच्यासाठी दगड काढतोय. सोबत द्यायच्या माणसांच्या यादीत तुझ्या धाकट्या मिरेचं नाव आहे. बहिणी तिकडे एकत्र राहतील, त्यांच्या आईला बरंच वाटेल, असं कारभारी म्हणाला. ती अकराच वर्षांची आहे, असं मी म्हटलं, तर म्हणाला, "लहान पोर पेटीत नीट मावतं."

हानसो परतताना बेटांकडे जातो. मिरेला घेऊन त्याच्या नावेत बस. काही बांधून घेऊ नकोस. चूल पेटती ठेव, म्हणजे शेजाऱ्यांना संशय येणार नाही. शिपाई आधी माझ्याकडेच येतील. मी त्यांना डोंगराची वाट दाखवीन. दोन दिवस तरी तिकडे भटकतील. रिकाम्या हाताने परतल्यावर माझं काय करतील, ते ठाऊक आहे.

क्षमा मागत नाही. पोरीला पोहायला शिकव.

तुझा भाऊ, असं लिहायला हात धजत नाही.

मुदल