संगणकाच्या वर्गातला उखाणा

तुला पत्र लिहिण्याचा प्रसंग आपल्या संसारात कधी आला नाही. एकाच घरात राहिलो, एकाच महाविद्यालयात चित्रकला शिकवली आणि काटेवाडीहून एकाच स्कूटरवर बारामतीला जात राहिलो. आता तू जाऊन बरीच वर्षे लोटली. लिहिण्याजोगे पुष्कळ साचले आहे आणि पत्ता नाही.

सारखा आठवतो तो नव्वदच्या दशकातला एक उन्हाळा. कला व उपयोजित कलेच्या प्राध्यापकांनी संगणक शिकलाच पाहिजे, असे विद्यापीठाने ठरवले होते. तू पुण्याहून तो आधीच शिकून आली होतीस. म्हणून बारामतीच्या त्या वर्गात तू शिक्षिका आणि मी, विभागप्रमुख असूनही, दुसऱ्या बाकावरचा विद्यार्थी. पहिल्या सकाळी तू हजेरी घेतेस. एकेक नाव वाचत माझ्यापाशी येतेस आणि थांबतेस. लग्नातल्या उखाण्यानंतर तू माझे नाव कधी उच्चारलेले नाही. "आणि... हे," एवढेच म्हणतेस. इंदापूरचे वयस्क शिल्पकला-प्राध्यापक, ज्यांना आपण सारे तात्या म्हणत असू, लगेच उभे राहतात.

"मॅडम, 'हे' असलं नाव यादीत न्हाय. उखाणा घ्या, न्हायतर सायबांची गैरहजेरी लावा!"

"तात्या, हा वर्ग आहे, हळदीकुंकू नव्हे," मी म्हणालो.

"तुमी बोलू नका. तुमी अजून आलेलाच न्हाय!"

हशा ओसरेपर्यंत तू पदर सावरलास आणि एका दमात म्हणालीस, "फ्लॉपीत ठेवले चित्र, माऊसला दिला हात, —रावांचे नाव घेते प्राध्यापकांच्या वर्गात." टाळ्या पडल्या. मी "हजर" म्हणालो, ते इतक्या हळू की तात्यांनी पुन्हा म्हणायला लावले.

दुपारी पळसदेवचे देऊळ काढायचे होते, उजनी धरणाचे पाणी उतरले की दिसते ते. शिखराची वक्ररेषा ओढताना हाताखालचा कागद फिरवावा, या जन्माच्या सवयीने मी माऊसखालचे पॅड फिरवत राहिलो आणि रेषा काही वळेना. "अहो, तो कागद नाही," म्हणत तू माझ्या हातावर हात ठेवलास. चारचौघांत तू मला कधी स्पर्श केला नव्हतास. शिखर पुरे झाले तरी तू हात उचलला नाहीस आणि मीही माऊस सोडला नाही.

त्यानंतर मी पुन्हा "अहो" झालो आणि त्यात मला काही उणे वाटले नाही. आता मात्र माझे नाव एकदा तुझ्या तोंडून ऐकावे, याखेरीज काही मागावेसे वाटत नाही. तो उखाणा मला पाठ आहे. संध्याकाळी चहा गाळताना मी तो मोठ्याने म्हणतोही. हे पत्र कोठे जाणार नाही, म्हणून सांगतो: म्हणताना केवळ माझाच आवाज ऐकू येतो. तुझा कसा होता, हे मला हल्ली नीटसे आठवत नाही.