क्लच दाबला की थांबणारा आवाज

शुक्र. ७ नोव्हें.

आजही तोच आवाज. न्हावऱ्याच्या चौकात गाडी उभी केली, न्यूट्रल केली, तरी पायाखाली घुंईंऽऽ चालूच. सकाळच्या गारठ्यात सेकंड गिअर पडतच नाही. दोनदा कर्र झालं, मग पडला. नवरा शेजारी बसलेला. सचिन नुसता गिअरच्या दांडीकडे बघत राहिला. त्यापेक्षा बोललेलं परवडलं.

२४ ला दौंडच्या रक्त तपासणीच्या लॅबमध्ये रुजू व्हायचंय. लग्नानंतर सुटलेलं काम इतक्या वर्षांनी परत हातात येतंय. एसटी पोचते ती लॅब उघडून तास झाल्यावर. म्हणजे गाडी हवीच. गाडी नाही तर नोकरी नाही, इतकं सरळ आहे. म्हातारी असली तरी तीच एक आहे.

रवि. ९

शिरूरला दाखवली. मेकॅनिकने एक चक्कर मारली, बॉनेटसुद्धा उघडलं नाही. मी समोर उभी, पण विचारलं सचिनला, "म्याडम चालवत्यात का?" स. म्हणाला हो. झालं, तपासणी संपली.

"मंग बराबर हाय. क्लचवर पाय ठिवून चालवत्यात बायका. गिअरबॉक्स गेलाय. आख्खा बदला. शिक्रापूरवरनं जुना मागवतो."

त्या जुन्या बॉक्समध्ये माझे पहिले दोन पगार जातील. येताना स. म्हणे, "विकून टाकू. लॅबवाल्यांना सांग, जानेवारीत येते." जानेवारीपर्यंत ते माझी खुर्ची रिकामी ठेवून आरती ओवाळणार आहेत बहुतेक! दिवसभर डोकं फिरलेलं.

सासऱ्यांना सांगितलं. आबांना एरवी गाडीचं नाव काढलं की दहा सल्ले सुचतात. आज चहा अर्धा ठेवला आणि गोठ्याकडे गेले.

मंगळ. ११

राग थोडा निवळला. म्हटलं, नमुना न तपासता रिपोर्ट देणाऱ्यावर आपण लॅबमध्ये विश्वास ठेवला असता का? मग इथे का ठेवायचा. मोबाइलवर दोन व्हिडिओ बघितले. एक हिंदी, एक तमिळ. तमिळवाला जास्त समजला, तो हाताने दाखवत होता.

मग अंगणात गाडी चालू केली. न्यूट्रल, पाय क्लचवर नाही: आवाज. क्लच पूर्ण दाबला: आवाज गायब. सोडला: परत हजर. पुन्हा पुन्हा केलं, दरवेळी तेच. गाडी जागेवर उभी, म्हणजे चाकाचा प्रश्न नाही. क्लच दाबला की इंजिन बॉक्सला फिरवायचं थांबतं, आणि आवाजही थांबतो. म्हणजे आहे बॉक्सच्या आतच. पण मग रस्त्यावर नेऊन एकेक गिअर ऐकला. सगळ्यांत सारखाच. एखाद्या गिअरचे दात गेले असते तर त्याच गिअरला ओरडला असता ना? त्या तमिळ माणसाचंही हेच म्हणणं असावं. बेअरिंग असेल तर...

स. ला सांगितलं. म्हणाला, "आता गाड्यांचं पण रक्त काढणार का?" हसू आलं मेलं. रागावले होते तरी.

गुरु. १३

इक्बालमामांना फोन केला. माहेरी कासुर्डीला असताना वडिलांची, अण्णांची, जीप हेच बघायचे, गॅरेज दौंडात. सगळं सांगितलं. मग, "क्लच दाबल्यावर थांबतोय नव्हं? मग रडती कशापायी. हळूहळू घिऊन ये शनिवारी. आन् आख्खा बॉक्स कुणाकडनं घिऊ नको तवर."

रडत नव्हते. पण बरं वाटलं.

शनि. १५

स. ची फर्स्ट शिफ्ट. आबा म्हणाले, मी येतो.

मामांनी गाडी वर घेतली, बॉक्सखालचा बोल्ट काढला. ऑइल पडेचना. मग पडलं ते काकवीसारखं, जाड आणि काळं. मामांनी बोटांत चोळलं, वास घेतला. "ह्ये कारचं न्हाई. ट्रॅक्टरचं हाय." मी म्हटलं, असं कोण घालतं? "इकणारे घालत्यात की. जाड ऑइल घातलं की आवाज दबतो, गिऱ्हाईक फसतं."

मग काय, ज्याच्याकडून गाडी घेतली त्याचा मी तिथेच उद्धार केला. चांगला मोठ्याने. आबा टायरांच्या थप्पीवर बसून जमिनीकडे बघत होते.

बोल्टला चुंबक असतं. त्यावर नुसतं करडं लोणी चिकटलेलं, लोखंडाचा तुकडा एकही नाही. मामा म्हणाले, दात शाबूत असणार, उघडून सांगतो. गाडी तिथेच ठेवली.

स्टँडवर एसटीची वाट बघताना आबा एकदम म्हणाले, "त्या मानसाला शिव्या दिऊ नगंस. ऑइल म्या घातलंय."

खंडेनवमीला! घरातलं सगळं लोखंड त्या दिवशी धुऊन पुसून पूजेला लागतं, विळ्यापासून ट्रॅक्टरपर्यंत. आबा आदल्या दिवशी ट्रॅक्टरचं ऑइलपाणी करतात. "डब्यात उरलं हुतं. तुझ्या गाडीचा आवाज तवाच येत हुता मला. पोरगी लांब जाणार रोजची, म्हणलं हिलाबी द्यावं. थोडं काढलं आन् ह्ये भरलं."

मी विचारलं, मग रविवारी सगळे मला बोलत होते तेव्हा गप्प का बसलात?

"छाती झाली न्हाई."

एसटी आली. मी खिडकीशी बसले. पारगावचा पूल आला तरी त्यांच्याकडे बघितलं नाही.

रवि. १६

अजून राग आहे. ऑइलचा नाही, गप्प बसण्याचा. आणि ते माझ्याच काळजीने केलं म्हणून धड रागावताही येत नाही, त्याचा वेगळा राग. स. ला काही सांगितलं नाही. आबांचं त्यांनी सांगावं.

जेवताना स. ची गाडी परत क्लचवर. "इक्बालमामांनी पायाचं बघितलं का काही?" आबांनी भाकरी ताटात ठेवली. "सचिन, तिला आता एक शबूद बोलायचा न्हाई. ट्रॅक्टरचं ऑइल म्या घातलं तिच्या गाडीत. इचारलं न्हाई कुणाला."

स. घास तोंडात धरून बसला. मग हसत सुटला. बाकी कुणीच हसलं नाही, तेव्हा थांबला. झोपायच्या आधी माझ्याकडे येऊन म्हणाला, "मी त्या शिरूरवाल्याचं लगेच खरं मानायला नको होतं." एवढंच. मला तेवढं हवंच होतं.

सकाळी आबांना चहा मीच नेऊन देणार.

बुध. १९

मामांचा फोन! बॉक्स उघडला. दात एकदम चांगले. इंजिनकडून फिरणं आत आणणाऱ्या दांड्याचं बेअरिंग गेलंय, गोळ्यांवर चट्टे पडलेत. तेच ओरडत होतं. मी विचारलं, ऑइलमुळे? "न्हाई, ह्ये कवापासनंच जात आलं हुतं. त्या ऑइलनं आवाज दाबला आन् थंडीत गिअर जड केला, एवढंच." आबांना लगेच सांगितलं. "व्हय?" म्हणाले. परत म्हणाले, "व्हय?"

आणि पुढचं तर सोन्यासारखं. क्लच प्लेट चांगली आहे, अजून वर्ष-दोन वर्षं जाईल. "क्लचवर पाय ठिवून चालवली असती तर ही पयली गेली असती." हे मी स. ला दोनदा ऐकवलं. तिसऱ्यांदा तोच म्हणाला, कळलं बाई.

बेअरिंग नवं, सील नवी, बॉक्स उतरलाच आहे तर क्लचचं बेअरिंगही बदलणार, ऑइल पातळ, गाडीच्या पुस्तकात लिहिलंय तेच. सगळं मिळून अर्ध्या पगाराच्या आत. मला नाचावंसं वाटलं. गोठ्यात थोडं नाचलेही.

शनि. २२

गाडी आणली. न्यूट्रलमध्ये इतकी शांत की चालू आहे का बंद तेच कळेना. सेकंड दोन बोटांनी पडतो.

पण. पाटसच्या रस्त्याला साठच्या पुढे गेल्यावर एक बारीक घूं. मागे वळून गॅरेजला गेले. मामांनी स्वतः चालवून बघितली. क्लच दाबला तरी येतो. "ह्यो बॉक्सचा न्हाई बहुतेक. चाकाचं बेअरिंग असंल, न्हाईतर टायरचा. चालीव. वाढला तर ये." बहुतेक. मला बहुतेक हा शब्द रिपोर्टमध्ये कधीच आवडला नाही.

रवि. २३

स. म्हणाला, शिफ्ट बदलून घेतो, उद्या मी सोडतो. मन हललं क्षणभर. नाही म्हटलं. पहिल्या दिवशी त्याने सोडलं की दुसऱ्या दिवशी पुन्हा हाच प्रश्न. त्याने मुकाट्याने टायरमधली हवा तपासली, स्टेपनी बघितली. आबांनी काचा पुसल्या, आतून, बाहेरून, परत आतून.

सोम. २४

दौंड. लॅबसमोर गाडीत बसून लिहितेय. लवकर पोचले.

चौफुल्यापर्यंत गाणी बंद ठेवून कान लावून बसले होते. तो घूं होता. कदाचित होता. पाटस मागे पडल्यावर एकदम लक्षात आलं की मी कितीतरी वेळ ऐकतच नाहीये. गाडी टॉपमध्ये पळतेय आणि मी मनात घोकतेय की पहिल्या पेशंटशी काय बोलायचं, शीर पटकन सापडली नाही तर काय करायचं. आवाजच गेला, का मीच ऐकायची थांबले, देव जाणे. परत जाताना नीट ऐकीन.

आत्ता एका म्हाताऱ्या आजोबांनी काचेवर टकटक केलं. उपाशीपोटी आलेत, शुगर तपासायला. "ताई, लॅबवाल्या बाई कवा येणार?"

मी म्हटलं, आल्यात.